हसत हसत गावोगाव : 'संशयकल्लोळ' आणि आपण



स्मृतिव्याख्यान म्हटले की इतिहास, शिक्षण, समाजकारण असे भारदस्त विषय आपल्या डोळ्यांपुढे येतात. मी विषय कळविला तो विनोदी संगीत नाटकाचा. एका व्रतस्थ शिक्षकाच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत नवराबायकोच्या भांडणाचे आणि हरवलेल्या तसबिरीचे नाटक कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर आरंभीच देतो. ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य या गावातल्या मुलांना चांगले मराठी वाचता, बोलता आणि ऐकता यावे, यासाठी खर्ची पडले. त्याच कामासाठी, शाळेच्या भिंतींबाहेर, अनेक दशके राबलेल्या एका फिरत्या शाळेविषयी मी आज बोलणार आहे. ती शाळा म्हणजे संगीत नाटक मंडळी. तिची पाठ्यपुस्तके म्हणजे 'सौभद्र', 'संशयकल्लोळ' यांसारखी हसरी नाटके.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या नाटकांचा वारसा आपण अर्धाच सांभाळला आहे. त्यांची पदे आपण जिवापाड जपली. परंतु ज्या संहितेच्या खांद्यावर बसून ती पदे गावोगाव हिंडली, ती घरगुती, चपळ, हसऱ्या मराठीतली संहिता आपल्या हातून सुटत चालली आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे तर त्यात अधिक नुकसान आहे. मी गायक नव्हे. वर्गात मराठी शिकविणारा, नाटकाचे पुस्तक मोठ्याने वाचून घेणारा मी एक माणूस आहे. त्यामुळे रागदारीवर भाष्य करण्याचा अधिकार माझा नाही. मी बोलेन ते नाटकाच्या शब्दांविषयी, आणि ते शब्द ऐकून हसणाऱ्या माणसांविषयी.

या कथेचा आरंभ आपल्या परिसरातच होतो. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथला. त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. भाव्यांना त्याची प्रेरणा मिळाली ती कानडी मुलुखातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळातून. म्हणजे मराठी रंगभूमी जन्माला आली तीच कानडी रंगभूमीचे बोट धरून. पुढे अण्णासाहेब बेळगावात शिक्षक झाले, नंतर सरकारी नोकरीत पुण्यास गेले. तेथे १८८० साली पारशी मंडळीचा 'इंद्रसभा'चा खेळ त्यांनी पाहिला आणि गाण्यातून उलगडणारे नाटक मराठीत का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'शाकुंतला'चे पहिले चार अंक पुणेकरांनी पाहिले. अण्णासाहेबांच्या कानात लहानपणापासून कानडी पदांच्या चाली घुमत होत्या. साकी, दिंडी, ओवी, लावणी यांच्या जोडीने त्या चालीही त्यांच्या नाटकांत आल्या. मराठी संगीत नाटक ही आपली मिरास आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. त्या मिराशीच्या दस्तऐवजावर शेजारच्या भाषेचीही सही आहे, हे सीमेवरच्या गावात बसून आपण विसरू नये.

'शाकुंतल' हे कालिदासाचे होते. 'सौभद्र' मात्र सर्वस्वी अण्णासाहेबांचे. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचे पहिले तीन अंक पुण्यात झाले आणि पुढील वर्षी पाच अंकी नाटक पुरे झाले. मोरोबा वाघोलीकर अर्जुन झाले आणि बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा केली. कथा महाभारतातली, सुभद्राहरणाची. पण रंगमंचावर दिसले ते काय? थोरल्या भावाने धाकट्या बहिणीचे लग्न तिला न विचारता ठरविले आहे. बहिणीचे मन दुसऱ्यावर जडले आहे. मधला भाऊ थोरल्यापुढे ब्र काढीत नाही, पण पडद्याआडून सारी सूत्रे हलवितो आहे. त्याची बायको त्याच्यावर रुसली आहे. आणि थोरले भाऊ, ते प्रत्यक्ष बलराम असूनही, दारी आलेल्या यतीच्या भजनी लागून त्याच्या सेवेस आपल्या बहिणीलाच नेमतात. तो यती म्हणजे अर्जुन, हे प्रेक्षागृहातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते एकट्या बलरामदादांना. द्वारकेच्या नावाने अण्णासाहेबांनी आपल्याच वाड्यातले माजघर उघडून दाखविले. देवादिकांच्या तोंडी त्यांनी पोथीतली भाषा घातली नाही, सोप्यावरची घातली. लग्नात मुलीच्या मनाला किंमत असावी की नसावी, हा त्या काळचा जळता प्रश्न त्यांनी लोकांना हसवीत हसवीत विचारला.

येथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. 'सौभद्रा'नंतर बरोबर एका आठवड्याने, २५ नोव्हेंबर १८८२ रोजी, लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीची 'आयोलॅन्थी' ही विनोदी संगीतिका प्रथम रंगली. तिच्यात पऱ्या आहेत आणि त्या थेट इंग्लंडच्या उमराव सभेशी भिडतात. लेखकाने पऱ्यांच्या मिषाने आपल्या काळातल्या कायद्याची आणि मानमरातबाची थट्टा केली. पुण्याला लंडनची खबर नव्हती आणि लंडनला पुण्याची. तरीही दोन्ही ठिकाणी युक्ती एकच सुचली : पात्रे परलोकातली घ्यावीत, संहिता मात्र आजच्या माणसाची लिहावी, आणि गाण्यांमुळे ती लोकांच्या ओठांवर बसवावी. त्या जोडीची नाटके करणारी डॉयली कार्ट मंडळी १९८२ पर्यंत ती घेऊन इंग्लंडभर फिरली. आपल्या मंडळ्या त्याच्या पुष्कळ आधी थांबल्या. त्या का थांबल्या, ते पुढे येईलच.

आधी त्या फिरत कशा, ते पाहू. आजच्या तरुण श्रोत्यांना 'दौरा' म्हटले की एका बसमधून येणारी, रात्री प्रयोग करून पहाटे परत निघणारी नटमंडळी आठवतात. जुन्या मंडळीचा दौरा म्हणजे एक चालते गाव होते. मंडळी गावात आली की मुक्काम टाकी. तो आठवड्यांचा असे, कधी महिन्यांचा. एखादा वाडा भाड्याने घेतला जाई. आचारी, पाणके, शिंपी, रंगारी, सुतार, तालीममास्तर, पायपेटीवाले, सारंगिये, तबलजी आणि गाणे शिकायला ठेवलेली पोरे, असा सगळा संसार तिच्याबरोबर असे. पंगती एकत्र उठत. दिवसा तालीम चाले, रात्री खेळ. पडद्यांच्या गुंडाळ्या आणि पोशाखांच्या पेट्या आधी बैलगाडीतून आणि मग रेल्वेच्या डब्यातून पुढच्या मुक्कामाला जात. खेळ रात्री सुरू झाला की 'वन्स मोअर'च्या गजरात पहाट होई.

मुक्काम दीर्घ असल्यामुळे एक मोठी गोष्ट घडे. तेच नाटक गाव पुन्हा पुन्हा पाही. पहिल्या खेळाला लोक कथा पाहत, दुसऱ्याला गाणे ऐकत आणि तिसऱ्या-चौथ्या खेळापर्यंत संवाद पाठ होत. मंडळी निघून गेली तरी ते संवाद गावात राहत. चावडीवर, कचेरीत, पंगतीत, सासू-सुनेच्या बोलण्यात ते वावरत. बेळगाव, हुबळी, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही गावे एकमेकांपासून शेकडो मैलांवर. तेथल्या मराठी माणसाच्या बोलीचे वळण वेगळे, शेजारची भाषा वेगळी, राज्यकर्ता वेगळा. पण बलरामदादांची फजिती सगळीकडे सारखीच ठाऊक होती. एकाच ठिकाणी हसणारी माणसे एकमेकांना परकी राहत नाहीत.

ही गावे केवळ पाहणारी होती असेही नव्हे. देवलांची 'शारदा' प्रथम रंगली ती १८९९ साली इंदुरात. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली 'ललितकलादर्श' स्थापन केली ती हुबळीत. बडोद्याने भाऊराव दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांनी गंधर्व मंडळीला आश्रय दिला. गोव्याच्या मंगेशीतून दीनानाथ आले आणि १९१८ साली त्यांच्या बळवंत मंडळीचा संसार उभा राहिला. मराठी नाटकाचा नकाशा काढायचा तर तो पुणे-मुंबईपुरता काढताच येत नाही.

आता 'संशयकल्लोळा'कडे येतो. त्याचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल. जन्म १८५५ चा, गाव सांगलीजवळचे हरिपूर. अण्णासाहेब बेळगावात शिक्षक असताना देवल त्यांचे विद्यार्थी होते. शाळेच्या या सभागृहात ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगतो. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे दोन हात एकाच वर्गातले होते. एक फळ्यापुढे उभा होता, दुसरा बाकावर बसला होता. पुढे देवल मंडळीचे तालीममास्तर झाले. नटाने माणसासारखे बोलावे, आक्रस्ताळेपणा करू नये, ही शिस्त त्यांनी लावली. तरुण बालगंधर्वांवर अभिनयाचे संस्कार झाले ते त्यांच्याच तालमीत. त्यांनी सात नाटके लिहिली. त्यांतली 'शारदा' तेवढी स्वतंत्र; बाकीची कोठून ना कोठून आणलेली. परंतु आणलेले रोप आपल्या मातीत असे रुजवावे की त्याचे मूळ गाव कोणी विचारू नये, ही विद्या देवलांइतकी फार थोड्यांना साधली.

'संशयकल्लोळा'चेच पाहा. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएर याची, १६६० सालच्या एका छोट्या पद्य प्रहसनातली. तीवरून आर्थर मर्फी याने १७६१ साली लंडनच्या ड्र्युरी लेन नाट्यगृहासाठी 'ऑल इन द राँग' हे पाच अंकी इंग्रजी नाटक केले. देवलांनी मर्फीवरून १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिले आणि पुढे त्यालाच पदांचा साज चढवून 'संगीत संशयकल्लोळ' केले. ज्या १९१६ साली देवल गेले, त्याच साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. बालगंधर्व रेवती झाले आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव. पॅरिसहून लंडनला आणि लंडनहून सांगली-पुण्याला असा अडीचशे वर्षांचा प्रवास करून आलेले हे नाटक इतके अस्सल मराठी वाटते की त्याचा परदेशी वंश सांगितला तर मुलांना थट्टाच वाटते.

हे साधले कसे? पहिली गोष्ट नावांची. देवलांनी पुरुषांना महिन्यांची नावे दिली आणि स्त्रियांना नक्षत्रांची. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, आणि गड्याचे नाव भादव्या; तिकडे कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. फाल्गुन म्हटले की आपल्याला शिमगा आठवतो. कृत्तिका हे अग्नीचे नक्षत्र आणि त्याची आकृती वस्तऱ्याची. शिमग्याचा नवरा आणि वस्तऱ्याची बायको! पडदा उघडण्याआधीच अर्धे नाटक सांगून झाले. घरोघर पंचांग पाहणाऱ्या समाजाला ही गंमत कोणी समजावून द्यावी लागली नाही.

दुसरी गोष्ट रचनेची. रेवतीला रस्त्यात घेरी येते. जवळून जाणारा फाल्गुनराव तिला सावरतो. तेवढ्यात कृत्तिका खिडकीतून ते पाहते आणि नवऱ्याविषयीच्या तिच्या संशयाला पुरावा मिळतो. या गडबडीत रेवतीच्या जवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते. ती कृत्तिकेला सापडते. परक्या पुरुषाची तसबीर बायकोच्या हाती पाहून फाल्गुनरावाच्या संशयालाही पुरावा मिळतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे पाहून अश्विनशेठ हादरतो : मी रेवतीला दिलेली वस्तू या गृहस्थाकडे आली कशी? एक वस्तू, चार माणसे आणि प्रत्येकाच्या मनात एक वेगळी कथा. यात कोणीही लबाड नाही. प्रत्येकाने पाहिलेले खरे आहे, काढलेला अर्थ तेवढा खोटा आहे. खलपुरुषाशिवाय पाच अंकी नाटक उभे राहते ते एवढ्या एका कारणावर.

आणि येथेच मला देवलांच्या संहितेचा आधुनिकपणा दिसतो. त्या काळच्या विनोदात संशयी बायकोची थट्टा काही नवीन नव्हती. देवलांनी नवरा आणि बायको यांना एकाच तराजूत तोलले. कृत्तिका जितकी हास्यास्पद, त्याहून फाल्गुनराव कणभर अधिकच. आपण बाहेर काहीही केले तरी तो पुरुषार्थ आणि बायकोने खिडकीत उभे राहिले तर तो गुन्हा, हे त्याचे शहाणपण ऐकताना प्रेक्षागृहातले फाल्गुनरावच आधी हसत. आपण आपल्यालाच हसलो हे त्यांना घरी गेल्यावर उमगत असावे. चार वक्त्यांनी व्यासपीठावरून झोडपून जे गळी उतरले नसते, ते येथे हसताना नकळत उतरले.

रेवतीचे प्रकरण तर याहून खोल आहे. मर्फीची बेलिंडा ही सभ्य घरची कन्या. देवलांनी तिला नायकिणीच्या घरात आणून ठेवले. वरवर पाहता ही केवळ देशी सोय वाटते. परंतु त्यामुळे अश्विनशेठच्या संशयाचा रंगच बदलतो. बेलिंडावर संशय आला तर तो एका प्रियकराचा संशय. रेवतीवर आला की त्याच्यामागे सारा समाज उभा असतो. अशा घरातली मुलगी एकनिष्ठ कशी असेल, असे म्हणणारा. तिला आपली निष्ठा सिद्ध करायची आहे, आणि तीही अशा जगापुढे ज्याने निकाल आधीच लावून ठेवला आहे. विनोदी नाटकात ही एक खरीखुरी वेदना देवलांनी अलगद ठेवली. रेवतीने सन्मानाच्या संसाराची इच्छा धरावी आणि प्रेक्षकांनी ती पुरी व्हावी म्हणून जीव टांगणीला लावून बसावे, ही १९१६ सालात लहान गोष्ट नव्हती. गोव्यातील आणि या भागातील कलावंत घराण्यांच्या लेकींनी गाण्यात आणि नाटकात केवढे कर्तृत्व केले, आणि त्यासाठी त्यांना काय सोसावे लागले, हे ज्यांना माहीत आहे त्यांना रेवतीची बाजू अधिक समजेल.

आता पदांविषयी. या नाटकात गाण्याचा मुख्य भार रेवती आणि अश्विनशेठ यांच्यावर आहे आणि हास्याचा मुख्य भार फाल्गुनराव-कृत्तिकेच्या गद्यावर. यात मोठा हिशेब आहे. ज्यांचे प्रेम अजून लग्नाच्या उंबरठ्याबाहेर आहे ती माणसे गातात; ज्यांचा संसार जुना झाला ती बोलतात, खरे म्हणजे भांडतात. भांडणाने टिपेला गेलेल्या सभेला पद येऊन शांत करते. पदात गुंगलेल्या सभेला पुढचा संवाद गदागदा हलवून जागे करतो. एक काढून घ्या, दुसरे लंगडे पडते. भांडण न ऐकता रेवतीचे पद ऐकणे म्हणजे ऊन न सोसता सावलीची चव पाहणे होय. सावली असतेच, पण तिचे मोल कळत नाही.

आणि दुर्दैवाने घडले ते हेच. १९३१ साली हिंदी बोलपट आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. ज्या गोविंदराव टेंब्यांनी १९१३ साली बालगंधर्व आणि बोडस यांच्यासह गंधर्व मंडळी उभी केली, तेच त्या बोलपटात हरिश्चंद्र झाले. काळाने आपली दिशा याहून स्पष्ट शब्दांत सांगितली नसती. गावातल्या नाटकगृहांत पडदे लागले. एवढा मोठा संसार पोसणे मंडळ्यांना अशक्य झाले. १९३५ साली 'धर्मात्मा'च्या निमित्ताने स्वतः बालगंधर्व बोलपटात गेले. मंडळ्या मोडल्या. पदे मात्र तबकड्यांवर उरली, मग आकाशवाणीवर आली, मग मैफलीत ख्यालानंतर गायची चीज झाली. त्यांना 'नाट्यगीत' हे नाव मिळाले आणि हळूहळू नाट्य गळून गीत तेवढे राहिले. आज आपल्या गावातही नाट्यगीतांचा कार्यक्रम लागला की सभागृह भरते. परंतु हे पद कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणते, असे विचारले तर माना डोलावणारे पुष्कळ जण गप्प होतात.

नाटक टिकविण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे मुळीच नाही. जयराम आणि जयमाला शिलेदार या दांपत्याने १९४९ साली पुण्यात 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढून जुनी संगीत नाटके अनेक वर्षे गावोगाव नेली. दि गोवा हिंदु असोसिएशनने 'संशयकल्लोळ' केले तेव्हा आशालता वाबगावकर रेवती होत्या आणि रामदास कामत अश्विनशेठ. गोव्याच्या मातीचे दोन गळे एका रंगमंचावर आले. चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रशांत दामले फाल्गुनराव झाले आणि राहुल देशपांडे अश्विनशेठ, तेव्हा नव्या प्रेक्षकांनीही नाटकगृहे भरली आणि लोक पोट धरून हसले. शंभर वर्षांपूर्वीची संहिता, तीही थोडी कातरलेली, पण हशा अगदी ताजा. नाटक म्हातारे झाले नव्हते. ते कोणी घराबाहेर काढीत नव्हते इतकेच.

कोणी म्हणेल, आजच्या मुलांना तसबिरीचे काय कौतुक? मी आपल्याला माझा अनुभव सांगतो. वर्गात मी हा प्रवेश चार मुलांकडून मोठ्याने वाचून घेत असे. पहिली पाच मिनिटे मुले शब्दांशी झुंजत. मग कोणीतरी पुटपुटे, 'सर, हे तर फोनमधल्या फोटोसारखेच झाले!' आणि पुढे मला काही शिकवावे लागत नसे. कोणाच्या फोनमध्ये कोणाचे छायाचित्र आहे यावरून आज जी घरे पेटतात, त्यांना देवलांनी आधीच ओळखले होते. तसबीर बदलून फोन करण्याचीही गरज नाही; ते मुले आपल्या मनात आपोआप करतात. त्या तासानंतर माझी मुले आठवडाभर एकमेकांशी फाल्गुनरावाच्या ढंगात भांडत. व्याकरणाच्या कितीही तासांनी जी लकब त्यांच्या जिभेवर बसली नसती, ती एका भांडणाने बसे. घरात मराठी, रस्त्यावर कानडी आणि अभ्यासात इंग्रजी अशी तीन तऱ्हांची ओढाताण सोसणाऱ्या मुलाला मराठीत गंभीर निबंध लिहिता येणे चांगलेच आहे. पण मराठीत थट्टा करता येणे, टोमणा कळणे, रुसता येणे, हे त्याहून आधीचे आहे. ज्या भाषेत माणसाला भांडताही येत नाही आणि हसताही येत नाही, ती भाषा त्याच्या प्रमाणपत्रावर राहते. घरात राहत नाही.

म्हणून या व्यासपीठावरून संस्थेला आणि विशेषतः माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनात आपण नाट्यगीतांची स्पर्धा घेता असे मला सांगण्यात आले. ती अवश्य चालू ठेवा. पण तिच्या जोडीला पुढील वर्षी 'संशयकल्लोळ' उभे करा. निदान त्याचे दोन अंक. सगळी पदे घेण्याचा हट्ट नको. मुलांच्या गळ्याला झेपतील अशी आठ-दहा पुरेत. पेटी आणि तबला गावात आहेतच. मात्र गद्याला कात्री लावताना हात आखडता घ्या आणि बसविणाऱ्याला देवलांची एकच सूचना द्या : माणसासारखे बोला. तालीम दोन महिने चालू द्या, कारण खरी शिकवणी तालमीतच असते. प्रयोगाला शेजारच्या कानडी शाळेतल्या मुलांना आणि शिक्षकांना अगत्याने बोलवा. भागवतांच्या खेळापासून चालत आलेले ते देणे आहे, आणि नवराबायकोचे भांडण समजायला कोणालाही दुभाष्या लागत नाही. प्रयोग साधला तर तो घेऊन खानापूर, निपाणी येथल्या शाळांत जा. एका टेम्पोत मावेल एवढाच संसार ठेवा, पण जा. हे नाटक एका जागी बसण्यासाठी लिहिलेलेच नाही.

अण्णासाहेबांनी बेळगावच्या वर्गात देवलांना नेमके काय शिकविले असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. क्रमिक पुस्तकातले धडे शिकविले असतील, कविता पाठ करून घेतल्या असतील. परंतु आपली भाषा जशी पूजेसाठी आहे तशी खेळण्यासाठीही आहे, हे त्या विद्यार्थ्याने त्या शिक्षकाकडूनच उचलले, याविषयी मला शंका नाही. आपल्या शाळेच्या बाकांवर आजही असा एखादा मुलगा किंवा मुलगी बसलेली असेल. त्यांच्या हाती पुस्तक द्या, मोठ्याने वाचू द्या आणि त्यांना मोकळेपणाने हसू द्या. गुरुजींच्या स्मृतीला यापेक्षा उचित अभिवादन मला सुचत नाही.